हेल्मेट न घालणाऱ्यांचं म्हणणं काय असतं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की सायकलवर हेल्मेट घालत जा. एवढ्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली. काहींना ते कमी वाटलं, त्यांचं म्हणणं की जे घालत नाहीत त्यांना मूर्खच म्हणायला हवं होतं. आणि जे घालत नाहीत त्यांनी मात्र नीट, मुद्दे मांडून, कधी चिडून लिहिलंय, आणि ती पत्रं वाचल्यावर मला वाटलं की यावेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवून यावरच बोलू. कारण न घालणारा प्रत्येक माणूस बेफिकीर असतो हे मला पटत नाही. त्यांच्याकडे कारणं असतात, काही चांगली असतात, काही अर्धवट असतात, आणि ती ऐकून न घेता नुसतं ओरडलं की कोणी हेल्मेट घालत नाही.

ताई, माझे मिस्टर रोज सायकलने कामाला जातात. मी स्वतः हेल्मेट आणून दिलंय, पण ते खुंटीलाच असतं. बोललं की म्हणतात नेदरलँड्समध्ये कोणी घालत नाही आणि तिथेच सायकल सगळ्यात सेफ आहे. मला यावर काही बोलताच येत नाही.

मिस्टरांची माहिती बरोबर आहे हो, त्यामुळे "काहीतरीच काय" म्हणून ती उडवून लावता येणार नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि शाळेला, कामाला, सामान आणायला निघालेला साधा माणूस तिथे हेल्मेट घालत नाही. आई एक पोर पुढे, एक मागे बसवून निघते आणि तिघांच्याही डोक्यावर काही नसतं. तरीसुद्धा जेवढे किलोमीटर लोक सायकल चालवतात त्या हिशोबाने बघितलं तर तिथला सायकलवाला बऱ्याच देशांपेक्षा सुरक्षित आहे.

पण हे आपोआप झालेलं नाही, आणि तो भाग बहुतेक ते सांगत नसतील. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. लोक भडकले, "मुलांची हत्या थांबवा" असं सरळसरळ नाव देऊन आंदोलन उभं राहिलं, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, काही रविवारी गाड्याच बंद ठेवल्या गेल्या आणि रस्ता गाड्यांशिवाय कसा दिसतो ते लोकांनी डोळ्यांनी बघितलं. मग पुढची कित्येक वर्षं काम चालू राहिलं, सायकलींना वेगळे रस्ते झाले, वस्तीतून गाड्यांना ताशी ३० ची मर्यादा आली, चौकांची रचना बदलली म्हणजे वळणाऱ्या गाडीवाल्याला सायकलवाला आधी दिसेल आणि मगच त्याला वळता येईल. थोडक्यात तिथे डोकं झाकण्याआधी धडकणारी गाडी बाजूला केली. तेव्हा मिस्टरांना एवढंच विचारा की तुम्ही ज्या रस्त्याने जाता तो असा आहे का? असेल तर त्यांचा मुद्दा भक्कम आहे. नसेल तर उदाहरण तिथलं आणि रस्ता इथला असं होतंय.

आणि अजून एक गोष्ट. त्याच नेदरलँड्समध्ये २०२२ साली २९१ सायकलस्वार अपघातात गेले, गाडीत बसून गेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि त्यात वयस्कर लोक खूप होते. बॅटरीवरच्या सायकली आल्या, म्हातारपणीही लोक वेगात लांब लांब जायला लागले, ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्या वयात पडल्यावर डोक्याला लागतं ते भरून येत नाही. आता तिथलेच डॉक्टर हेल्मेट घाला म्हणून सांगतायत. सक्ती नाही, पण सांगतायत. आणि तिथेही रेसची सायकल काढून जोरात जाणारी मंडळी हेल्मेट घालूनच निघतात, ते कोणी मोजत नाही.

आता तुमच्या घरापुरतं बोलते. नवरा-बायकोच्या वादात नेदरलँड्स येतं तेव्हा खरं कारण बऱ्याचदा छोटं असतं आणि ते सांगायला माणसाला संकोच वाटतो. पट्टा हनुवटीखाली टोचतो, कामावर पोचल्यावर ते डबडं ठेवायचं कुठे कळत नाही, केस चप्प बसतात आणि पोचल्या पोचल्या मीटिंग असते, कपाळावरून घाम डोळ्यात येतो. तुम्ही आणलेलं हेल्मेट त्यांच्या मापाचं आहे का हे आधी बघा, कारण दुसऱ्याने परस्पर आणलेलं हेल्मेट बहुतेक वेळा मापाचं नसतं. त्यांना सोबत नेऊन, डोक्यावर घालून बघून, त्यांच्या पसंतीचं घ्या. वादापेक्षा याने जास्त फरक पडतो.

मी हौशी नाही, रोजचा सायकलवाला आहे, आणि हेल्मेट मुद्दाम घालत नाही. एक, ते गाडीच्या धडकेसाठी बनवलेलंच नसतं. दोन, हेल्मेट दिसलं की गाड्या जास्त जवळून जातात असं इंग्लंडमधलं संशोधन आहे. तीन, घातलं की माणूस बिनधास्त होतो आणि नको त्या रिस्क घेतो. तुम्ही सरसकट "घाला" सांगता तेव्हा हे वाचलेलं असतं का?

दादा, वाचलंय, आणि तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूने आहे.

हेल्मेट पास कसं होतं ते सगळ्यांसाठी सांगते. लॅबमध्ये धातूचं एक डोकं असतं, आत झटका मोजणारं यंत्र, त्यावर हेल्मेट चढवून पट्टा आवळतात आणि ते खाली लोखंडी ठोकळ्यावर आपटतात. युरोपच्या स्टँडर्डमध्ये सपाट ठोकळ्यावर सुमारे दीड मीटर उंचीवरून, म्हणजे आपटतानाचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यावेळी आतल्या डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटीच्या आत राहिला पाहिजे. अमेरिकेत उंची २ मीटर आणि मर्यादा ३०० पट. फूटपाथच्या कडेसारख्या धारदार ठोकळ्यावरही आपटतात, तिथे उंची कमी असते. आपटल्यावर आतला थर्माकोलचा थर दाबला जातो, चिरडतो, आणि त्या चिरडण्यात जो सेकंदाचा बारीकसा तुकडा जास्त मिळतो तेवढ्यात डोकं थांबतं. बस, एवढंच त्याचं काम. दीड-दोन मीटर ही उंची म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून असतं साधारण तेवढी. म्हणजे ही परीक्षा सायकलवरून पडण्याची आहे. ताशी ६० ने येणाऱ्या गाडीची नाही, आणि कुठल्याही हेल्मेट कंपनीने तसं म्हटलेलंही नाही.

त्यामुळे कोणी सायकलवाला ट्रकखाली गेला आणि बातमीत शेवटी "त्याने हेल्मेट घातलं नव्हतं" असं छापून आलं की तुम्हाला राग येतो तो मला समजतो. त्या एका ओळीने ट्रकवाला, रस्ता बांधणारा, वेगमर्यादा न पाळणारा सगळे सुटतात आणि जो गेला त्याच्यावरच दोष येतो. मलाही ती ओळ सहन होत नाही.

दुसरा मुद्दा. तुम्ही म्हणताय ते काम इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या इयान वॉकर यांचं, २००७ मध्ये छापून आलेलं. त्यांनी स्वतः सायकलवर सेन्सर लावून गाड्या किती अंतरावरून पुढे जातात ते मोजलं, दोन हजारांहून जास्त गाड्या, कधी हेल्मेट घालून कधी न घालता. हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जवळून गेल्या. मग त्यांनी लांब केसांचा विग घालून पाहिलं, म्हणजे मागून बाई वाटावी म्हणून, तर गाड्या अजून लांबून गेल्या! या सगळ्यात त्यांना दोनदा धडकही बसली, एकदा बसची आणि एकदा ट्रकची, आणि दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हिएर आणि वॉल्टर यांनी तोच डेटा घेऊन वेगळ्या पद्धतीने तपासला. त्यांनी विचारलं की धोकादायक जवळून, म्हणजे एक मीटरच्या आतून, गाडी जाण्याचा हेल्मेटशी संबंध दिसतो का, आणि त्यांना तो दिसला नाही. वॉकर यांनी त्यावर परत उत्तर दिलं. तर हा वाद अजून मिटलेला नाही, आणि जो मिटलेला नाही त्याच्या जोरावर मी हेल्मेट काढून ठेवणार नाही. यातून मला एवढंच घ्यावंसं वाटतं की गाडीवाला आपल्याकडे बघून काहीतरी अंदाज बांधतो, हा सराईत दिसतोय, ही नवशिकी दिसतेय, आणि तसं अंतर ठेवतो. तो अंदाज बांधायची वेळच येऊ नये म्हणून वेगळी लेन लागते.

तिसरा मुद्दा, बिनधास्त होण्याचा. नॉर्वेत २०११ च्या सुमाराला एक प्रयोग झाला, त्यात ज्यांना हेल्मेटची सवय होती ते हेल्मेट काढल्यावर उतारावर हळू गेले, पण ज्यांना सवय नव्हती त्यांना हेल्मेट दिल्यावर ते काही जोरात सुटले नाहीत. म्हणजे घातलं की अंगात येतं असं सरळ गणित नाही.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळं गाडीबद्दल बोलताय आणि हेल्मेट आहे पडण्यासाठी. रोजचा सायकलवाला पडतो तेव्हा दरवेळी समोर गाडी असतेच असं नाही ना? ओल्या पानांवरून चाक सरकतं, खडीवर वळताना सायकल झोपते, पुढचा ब्रेक जोरात दाबला जातो, कुत्रं आडवं येतं, ट्रामच्या रुळात चाक अडकतं, उभ्या गाडीचं दार अचानक उघडतं. अशा वेळी माणूस बाजूला कोसळतो, हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही, आणि कानाच्या वरचा भाग रस्त्यावर आपटतो. नेमकं याच उंचीवरून, याच वेगाने आपटण्यासाठी ते थर्माकोल बनवलेलं आहे. ४० अभ्यास आणि ६४,००० हून जास्त जखमी सायकलस्वारांचा डेटा एकत्र करून २०१६ मध्ये जे विश्लेषण झालं त्यात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी आणि गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी दिसली. हे करणाऱ्या दोघांपैकी एक ऑलिव्हिएरच, म्हणजे हेल्मेटच्या बाजूचा माणूस, हेही सांगते. आणि हे दवाखान्यात आलेल्यांचे आकडे आहेत, हेल्मेट घालणारा माणूस मुळात जपून चालवणारा असू शकतो, हा आक्षेप मला मान्य आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या अभ्यासात ८५ टक्के आकडा आला होता आणि तो वर्षानुवर्षं सगळीकडे छापला गेला, नंतरच्या कामात तो बराच खाली आला. पण खाली येऊनही तो शून्यावर आलेला नाही, निम्म्याच्या आसपास थांबलाय. निम्मं पुष्कळ आहे. गाडीबद्दल तुमचं बरोबर आहे, पडण्याबद्दल मात्र तुमचं गणित चुकतंय, असं मला मनापासून वाटतं.

ताई मी दहावीत आहे. शाळेत सायकलने जाते. मम्मी हेल्मेट घालायला लावते पण वर्गात कोणीच घालत नाही, सगळे हसतात, केस पण विस्कटतात. मी कोपऱ्यापर्यंत घालते आणि मग काढून हँडलला अडकवते. हे खूप चुकीचं आहे का?

अगं, तुझ्या वयाची बहुतेक मुलं हेच करतात. हसणं खरंच लागतं, त्यात "दुर्लक्ष कर" असं मी सांगणार नाही कारण ते मलाही जमलं नसतं.

दोन-तीन गोष्टी करून बघ. केस वर बांधलेस तर हेल्मेट मागे सरकतं आणि विचित्र दिसतं, म्हणून खाली मानेजवळ सैल वेणी घाल, काही हेल्मेटना मागे वेणी जाईल अशी फटही असते. रंग तू निवड, मम्मीला निवडू देऊ नकोस. आणि एक मैत्रीण गाठ, एकच पुरे, जी तुझ्यासोबत घालेल, कारण एकटीला हसतात तसं दोघींना हसत नाहीत. आणि हँडलला अडकवलेलं हेल्मेट चाकात किंवा ब्रेकच्या वायरीत अडकू शकतं हे सांगून ठेवते, ते तर डोक्यावर नसण्यापेक्षाही वाईट. नाहीच घालायचं असलं एखाद दिवशी तर निदान बॅगला मागे बांध. पण घाल गं.

इतके आकडे आहेत तर सरळ कायदा का नाही करत सगळीकडे? दंड लावा, सुतासारखे सरळ होतील.

हे ज्यांनी केलं त्यांचं काय झालं ते बघू. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० ला जगात पहिल्यांदा सगळ्या वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, १९९२ पर्यंत अख्ख्या देशात ते झालं, १९९४ ला न्यूझीलंडनेही केलं. व्हिक्टोरियात घालणाऱ्यांचं प्रमाण वर्षभरात साधारण ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे दंडाने लोक घालायला लागले हे खरंच आहे. डोक्याच्या इजाही कमी झाल्या. पण त्याच मोजणीत दिसलं की सायकलवर येणारी मुलं, खास करून टीनएजर, खूप कमी झाली. म्हणजे इजा कमी झाल्या त्यातल्या किती हेल्मेटमुळे आणि किती पोरांनी सायकलच सोडली म्हणून, यावर तिथे अजूनही भांडणं चालू आहेत.

आणि सायकल सुटणं ही छोटी गोष्ट नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये हिशोब मांडला होता की गाडी सोडून रोज थोडंसं अंतर सायकलने जाणाऱ्याचं आयुष्य व्यायामामुळे सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं, आणि अपघाताच्या जास्तीच्या धोक्यामुळे कमी होतं ते ५ ते ९ दिवसांनी. महिने आणि दिवस, फरक बघा. हा हिशोब तिथल्या रस्त्यांवरचा आहे, सगळीकडे जसाच्या तसा लागू होणार नाही, पण सायकल चालवण्यातला फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे हे त्यातून कळतं. शिवाय रस्त्यावर सायकली जितक्या जास्त तितका एकेका सायकलवाल्याचा धोका कमी होतो, पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या शहरांचे आणि देशांचे आकडे लावून हे दाखवलं होतं, गाडीवाल्यांच्या नजरेला सायकलींची सवय होते म्हणा हवं तर. मग दहा जण हेल्मेट घालून आले आणि पाच जण घरी बसले तर उरलेल्यांसाठी रस्ता जास्त धोक्याचा झाला की.

भाड्याच्या सायकलींचं तर सक्तीने फार नुकसान होतं, कारण स्टँडवरून सायकल उचलून दहा मिनिटं जाणाऱ्याकडे हेल्मेट असणार कुठून? मेलबर्नने २०१० मध्ये अशी योजना काढली, आधी स्वस्तात हेल्मेट विकली, मग फुकट सायकलीलाच अडकवून ठेवली, तरी ती म्हणावी तशी चालली नाही आणि २०१९ ला बंद झाली. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये आपली योजना आणताना सक्तीच काढून टाकली.

मला सगळ्यात खटकतं ते मात्र वेगळंच आहे. दंड कोणाला होतो? अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथे १९९३ पासून हेल्मेटचा नियम होता, म्हणजे ज्या गावात तो ८५ टक्क्यांचा अभ्यास झाला त्याच भागात. नंतर पावत्या तपासल्या तेव्हा कळलं की २०१७ पासूनच्या जवळजवळ निम्म्या पावत्या बेघर लोकांना फाडलेल्या होत्या आणि काळ्या सायकलस्वारांना त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त. डोकं वाचवायला केलेला नियम, आणि पोलिसांच्या हाताला लागला गरीब माणूस. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळानेच तो रद्द केला आणि सोबत हेल्मेट घाला, चांगलंच आहे, असंही सांगितलं. ज्याच्याकडे सायकलशिवाय दुसरं काही नाही त्याला दंड करण्यापेक्षा हेल्मेट द्या ना हातात!

लहान मुलांचं वेगळं, तिथे माझी सक्तीला हरकत नाही. फ्रान्सने २०१७ पासून १२ वर्षांखालच्यांना, स्वीडनने २००५ पासून १५ वर्षांखालच्यांना सक्ती केलीय, मोठ्यांवर सोडलंय. जपानने एप्रिल २०२३ पासून सगळ्या वयांसाठी नियम केला पण नुसता प्रयत्न करा असा, दंड नाही. मला हे पटतं. मोठ्या माणसाला समजावा, आणि दंडाच्या आधी रस्ता नीट करा.

रेसवाले तर नेहमीच हेल्मेट घालत आले असतील ना? मग बाकीच्यांना काय झालं?

नाही, त्यांनी तर सगळ्यात जास्त विरोध केला होता! १९९१ मध्ये पॅरिस-नीस या फ्रान्समधल्या रेसला सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हा रायडरनी चक्क संप केला आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. गरम होतं, चढावर नको होतं, आम्ही प्रोफेशनल आहोत आमचं आम्ही ठरवू, अशी कारणं. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगराच्या उतारावर फाबिओ कासार्तेल्ली पडला आणि गेला, तीनच वर्षांपूर्वी बार्सिलोनात ऑलिंपिक गोल्ड घेतलेला पोरगा, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरी नियम झाला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह पडून गेला, आणि मग त्याच वर्षी सक्ती आली, तीही सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर काढायची मुभा देऊन. आज त्यांच्यातल्या कोणाला विचारलं तर हेल्मेटशिवाय रेस ही कल्पनाच करवत नाही. दरम्यान हेल्मेटही बदलली, हलकी झाली, वारा खेळेल अशी झाली, आणि जुन्या कारणांतली निम्मी त्यातच गेली. तुमच्या ओळखीचं कोणी "गरम होतं" म्हणत असेल तर त्याने शेवटचं हेल्मेट कधी घालून बघितलंय ते विचारा.

पगडी किंवा मोठा अंबाडा असेल तर काय करायचं?

पगडीवर साधं हेल्मेट बसत नाही, आणि पगडी काढणं हा धर्माचा प्रश्न आहे, तिथे मी सल्ला देणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ साली एका शीख सायकलस्वाराचा दंड कोर्टाने रद्द केला आणि नंतर नियमातच सूट आली. शीख मुलं डोक्यावर अंबाड्यासकट जे कापड बांधतात त्या पटक्यासाठी वर जागा ठेवलेली हेल्मेट आता कॅनडात निघाली आहेत. अंबाडा किंवा दाट कुरळे केस असतील तर मात्र केस खाली घेऊनच माप बघा. फुगलेल्या केसांवर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधीच सरकतं आणि कपाळ उघडं पडतं.

मुलीसाठी हेल्मेट घेतलंय, ५ वर्षांची आहे. नीट बसलंय की नाही कसं कळणार? आणि भावाचं जुनं वापरलं तर चालेल का?

जुनं आधी. ते एकदा जरी डोक्यासकट जोरात आपटलेलं असेल तर चालणार नाही, बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नसला तरी. आतलं थर्माकोल एकदा दाबलं गेलं की परत फुगत नाही आणि दुसऱ्या वेळी ते चिरडायला शिल्लकच नसतं. भावाला विचारा, आणि पोरं अशा बाबतीत खरं सांगत नाहीत, तर शंका असेल तर नवीनच घ्या.

आता माप. हेल्मेट कपाळावर आडवं बसलं पाहिजे, भुवयांच्या वर दोन बोटं एवढीच जागा. मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा ते गोंडस दिसावं म्हणून मागे ढकललेलं असतं, तसं नको. दोन्ही बाजूच्या पट्ट्यांचा व्ही कानाच्या बरोबर खाली यायला हवा. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाद-दोन बोटं जातील एवढीच ढील, तिला मोठा आ करायला सांगा, आ केल्यावर हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढल्यासारखं वाटलं म्हणजे बरोबर. मग पट्टा सोडून मागची चकती आवळा आणि तिला हळूच मान हलवायला सांगा, पट्टा न लावताही ते जागेवर राहिलं पाहिजे. बक्कल लावताना हनुवटीची कातडी एकदा जरी चिमटली ना, की ती पुन्हा घालायला तयार होणार नाही, म्हणून मध्ये तुमचं बोट धरून लावा. काही हेल्मेटमध्ये तिरक्या आपटण्यासाठी आतलं अस्तर थोडं फिरू देणारी सोय येते, मिप्स वगैरे नावाने, मिळाली तर चांगलं आहे, पण मापाचं नसलेलं महागडं हेल्मेट मापाच्या साध्यापेक्षा वाईट.

आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहिते. सायकलवरून उतरून ती घसरगुंडीकडे किंवा झोपाळ्याकडे पळाली तर आधी हेल्मेट काढायचं. जिथून पोराचं अंग सहज जातं अशा फटीत हेल्मेट अडकतं आणि पट्ट्याने गळा आवळला जातो, असे मृत्यू झालेले आहेत. त्यासाठीच युरोपात लहान मुलांच्या हेल्मेटचं वेगळं स्टँडर्ड आहे, त्यात जोराचा ताण आला की बक्कल आपोआप सुटतं. तुमच्याकडच्या हेल्मेटला तसं बक्कल नसेल तर सायकल स्टँडला लावली की हेल्मेट हँडलला, हे तिला पहिल्या दिवसापासून शिकवा.